एक सूट आणि चोख हिशेब
चेन्नईच्या विज्ञानपटांवरून संभवनीयतेचा विचार

विज्ञानपट किंवा अतिमानवी नायकाचा चित्रपट पाहणारा प्रेक्षक दोन परस्परविरोधी वाटाव्यात अशा गोष्टी एकाच वेळी करीत असतो. यंत्र प्रेमात पडते, घड्याळाची कळ फिरवताच काळ मागे सरकतो, परग्रहावरचा जीव तमिळ बोलतो, हे सारे तो तक्रार न करता स्वीकारतो. पण त्याच चित्रपटातील एखाद्या आईने मुलाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच प्रसंगात हसून गाणे म्हटले, तर ते मात्र त्याला पटत नाही. अशक्य गोष्ट चालते आणि शक्य असूनही न पटणारी गोष्ट खटकते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे, की त्यामागे काही नियम असला पाहिजे. तो शोधण्यासाठी चेन्नईइतके सोयीचे शहर भारतात क्वचितच सापडेल, कारण पौराणिक चमत्कारांपासून संगणकीय दृश्यपरिणामांपर्यंतचा सारा प्रवास या एका शहरातील स्टुडिओंनी सात दशकांत केला आहे.

विश्वासाची मीमांसा

इंग्रज कवी कोलरिज याने १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साहित्यविषयक ग्रंथात असे मांडले, की अद्भुत पात्रांमध्येही मानवी मनाला भिडेल असा सत्याचा आभास असेल, तर वाचक आपला अविश्वास काही काळापुरता स्वखुशीने स्थगित ठेवतो. ‘अविश्वासाची ऐच्छिक स्थगिती’ ही समीक्षेतील संज्ञा तेथून आली. पुढे इंग्रज लेखक टोल्किन याने परीकथांवरील निबंधात या कल्पनेवर आक्षेप घेतला. त्याच्या मते, अविश्वास बळेच दाबून ठेवावा लागत असेल, तर कलाकृती आधीच फसलेली असते. यशस्वी लेखक एक दुय्यम जग उभे करतो आणि त्या जगाच्या नियमांत बसणारी गोष्ट वाचकाला, आत असेपर्यंत, सहजच खरी वाटते.

भारतीय परंपरेत हा प्रश्न याच्या कितीतरी आधी उपस्थित झाला होता. भरताच्या नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत काश्मीरच्या अभिनवगुप्ताने सुमारे हजार वर्षांपूर्वी रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत आणि त्यांत पहिले स्थान ‘संभावनाविरहा’ला, म्हणजे समोर घडणारे शक्य कोटीतले न वाटण्याला, दिले आहे. प्रेक्षकाला घटना संभवनीयच वाटली नाही, तर त्याचे मन तीत गुंतत नाही आणि मन गुंतले नाही, तर रस कोठून येणार, असा हा युक्तिवाद आहे. त्यावरचा उपायही तो देतो: घटना सामान्य लोकजीवनातील असावी, म्हणजे प्रेक्षकाचे हृदय तिच्याशी जुळते, आणि अलौकिक पराक्रमच दाखवायचा असेल, तर तो रामासारख्या प्रख्यात नायकाच्या नावावर दाखवावा, कारण दीर्घकाळ अखंड चालत आलेल्या प्रसिद्धीमुळे त्याच्याविषयीचा विश्वास लोकांच्या मनात आधीच खोल रुजलेला असतो. चेन्नईचा चित्रपट समजून घेण्यासाठी हे सूत्र फार मोलाचे आहे.

घटोत्कचापासून चिट्टीपर्यंत

१९५७ साली मद्रासच्या वडपळणी भागातील विजया-वाहिनी स्टुडिओने के. व्ही. रेड्डी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘मायाबाजार’ हा चित्रपट तेलुगू आणि तमिळ अशा दोन भाषांत काढला. छायाचित्रकार मार्कस बार्टली यांनी कॅमेऱ्याच्या युक्त्या, लघुप्रतिकृती आणि प्रकाशयोजना यांच्या बळावर त्यात मायावी नगरी वसवली, स्टुडिओतील दिव्यांतून चांदणे निर्माण केले आणि एस. व्ही. रंगाराव यांच्या घटोत्कचाच्या तोंडात लाडू आपोआप उडून जाताना दाखवले. प्रेक्षकाने या लाडवांचे स्पष्टीकरण मागितले नाही, कारण घटोत्कच मायावी आहे हे त्याला घरातील कथाकीर्तनांतून ठाऊक होते. तरीही हा चित्रपट केवळ पुराणाच्या पुण्याईवर उभा नाही; मायावी घटोत्कच वधू शशिरेखेचे रूप घेऊन लग्नघरात वावरतो, तेव्हा त्या रूपातून मधूनच राक्षसाचा ताठा डोकावतो, आणि अद्भुताच्या पोटातील ही बारीक सुसंगतीच प्रेक्षकाला धरून ठेवते.

अवकाशयुग सुरू होताच तमिळ चित्रपटाने पुराणाबाहेरचे अद्भुतही हाताळून पाहिले. १९६३ सालच्या ए. काशिलिंगम दिग्दर्शित ‘कलै अरसी’मध्ये एम. जी. रामचंद्रन आणि भानुमती यांच्या कथेत परग्रहवासी येतात, ते आपल्या ग्रहाला संगीत शिकवील अशी गायिका पळवून नेण्यासाठी. १९८६ सालच्या ‘विक्रम’मध्ये कमल हासनचा गुप्तहेर ‘अग्निपुत्र’ नावाच्या चोरीला गेलेल्या क्षेपणास्त्राच्या शोधात निघतो. भारताच्या अग्नी क्षेपणास्त्राची पहिली चाचणी त्यानंतर तीन वर्षांनी, १९८९ मध्ये झाली. ‘विक्रम’चे लेखक सुजाता, म्हणजे एस. रंगराजन, पेशाने अभियंते होते. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राच्या विकासात त्यांचा मोठा वाटा होता आणि विज्ञानाची परिभाषा तमिळ वाचकाच्या अंगवळणी पाडण्याचे श्रेय बहुतांशी त्यांच्या कथा-कादंबऱ्यांना जाते.

याच सुजातांनी २००८ मधील आपल्या निधनापूर्वी दिग्दर्शक शंकर यांच्या ‘एन्दिरन’च्या लेखनावर काम केले होते. मराठी प्रेक्षकाने ‘रोबोट’ या नावाने हिंदीत पाहिलेला हा चित्रपट १ ऑक्टोबर २०१० रोजी प्रदर्शित झाला आणि दृश्यपरिणाम व कलादिग्दर्शन यांसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. शास्त्रज्ञ वशीकरण आणि त्याने स्वतःच्याच रूपात घडवलेला यंत्रमानव चिट्टी या दोन्ही भूमिका रजनीकांत यांनी केल्या. बंगळुरूच्या मराठीभाषक गायकवाड कुटुंबात शिवाजीराव या नावाने जन्मलेला हा नट तोपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ तमिळ पडद्यावर एकट्याने पंचवीस-पंचवीस जणांना लोळवत आला होता आणि त्याला ते कसे जमते, हे कोणी विचारत नव्हते. अभिनवगुप्ताने रामाच्या नावाला दिलेले काम येथे नटाच्या नावाने केले होते. ‘एन्दिरन’ची खरी कल्पकता अशी, की त्याने या जुन्या श्रद्धेचे दोन भाग केले: माणूस असलेला वशीकरण गुंडांपुढे मागे हटतो आणि पराक्रम सगळे यंत्राच्या वाट्याला येतात. रजनीकांत यांच्या ज्या करामती आजवर कारणावाचून मान्य होत्या, त्यांना या चित्रपटाने कारण पुरवले.

सूट एकच

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेम्स काकालिओस यांनी अतिमानवी नायकांच्या भौतिकीवर लिहिताना एक उपयुक्त नियम सुचवला आहे: प्रत्येक नायकाला निसर्गनियमांतून एका चमत्काराची सूट द्यावी आणि त्यापुढचे सारे नियमांनुसार तपासावे. प्रेक्षकही नेमके हेच करतो. विचार करणारा यंत्रमानव आहे, एवढी सूट ‘एन्दिरन’ सुरुवातीलाच मागून घेतो. पण नंतर लोकल गाडीत लढता लढता चिट्टीची बॅटरी संपते, तेव्हा त्या यंत्राचे यंत्रपण शाबूत राहते. त्याच्या अंगच्या चुंबकशक्तीची ओळख आधीच करून दिल्यामुळे शेवटी शेकडो चिट्टी एकमेकांना चिकटून प्रचंड गोळा, साप आणि राक्षस बनतात, तेव्हा प्रमाण कितीही अवाढव्य झाले, तरी ते आभाळातून पडल्यासारखे वाटत नाही.

या हिशेबाची सर्वांत कठोर परीक्षा आगीच्या प्रसंगात होते. जळत्या इमारतीतून चिट्टी एकेका माणसाला बाहेर आणतो. न्हाणीघरात अडकलेली एक मुलगी, अंगावर वस्त्र नाही म्हणून, मला नेऊ नकोस अशी विनवणी करते. पण जीव वाचवणे एवढीच आज्ञा ठाऊक असलेला चिट्टी तिला तशीच उचलून गर्दीसमोर आणि कॅमेऱ्यांसमोर आणतो. लाजेने सैरभैर झालेली ती मुलगी धावत सुटते आणि वाहनाखाली सापडून मरते. असा यंत्रमानव आज कोठेही नाही, पण तो असता तर आपल्या समाजात नेमके हेच घडले असते, याविषयी प्रेक्षकाच्या मनात शंका उरत नाही. चिट्टीला भावना शिकवण्याचा निर्णय या दुर्घटनेतून येतो आणि पुढची सारी शोकांतिका त्या भावनांतून. एका अशक्य गोष्टीचे परिणाम इतक्या प्रामाणिकपणे भोगायला लावणे, हाच विज्ञानकथेतील वास्तववाद होय.

नंतरच्या तमिळ चित्रपटांनीही ही शिस्त आपापल्या परीने पाळली आहे. आर. रविकुमार यांच्या ‘इंद्रु नेत्रु नाळै’मध्ये (२०१५) भविष्यातून आलेले कालयंत्र हाती लागलेले दोन तरुण हरवलेल्या वस्तू शोधून देण्याचा धंदा थाटतात आणि भूतकाळातील त्यांच्या लुडबुडीमुळे मेलेला एक गुंड जिवंत राहतो; ‘२४’मधील (२०१६) घड्याळ काळात मागेपुढे नेते, पण सुरुवातीला चोवीस तासांच्याच मर्यादेत. मडोन अश्विन यांच्या ‘मावीरन’मध्ये (२०२३) अलौकिक म्हणावी अशी गोष्ट एकच: भित्र्या व्यंगचित्रकाराला स्वतःच्या आयुष्याचे निवेदन करणारा आवाज ऐकू येऊ लागतो. बाकी सारे ओळखीचे आहे. झोपडपट्टीतून उठवून नव्या बहुमजली इमारतीत नेलेली कुटुंबे, हात लावताच गळणारा गिलावा, निखळणारे दरवाजे आणि निकृष्ट बांधकामामागचे राजकारण. भिंती इतक्या खऱ्या असल्यामुळेच तो आवाजही खरा वाटतो.

डोळ्यांचा विश्वास

कथेवरचा विश्वास आणि डोळ्यांचा विश्वास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चित्रपट-अभ्यासक स्टीफन प्रिन्स यांनी १९९६ साली ‘संवेदनात्मक वास्तव’ ही संकल्पना मांडली: अस्तित्वातच नसलेल्या वस्तूवरही प्रकाश योग्य दिशेने पडला, तिची सावली जमिनीला चिकटून राहिली आणि हालचालीत वजन जाणवले, तर डोळा तिला खरे मानतो. मात्र मानवी चेहऱ्याच्या बाबतीत तो फार चिकित्सक असतो. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली मांडल्याप्रमाणे माणसासारखी दिसणारी आकृती अगदी जवळ येऊनही किंचित कमी पडली, की आपुलकीऐवजी शहारा येतो. म्हणूनच ‘अयलान’मधील (२०२४) परग्रहवासीयाला माणसासारखे न करण्यात चेन्नईच्या दृश्यपरिणाम-कलावंतांची सोय होती, तर रजनीकांत यांचा चेहरा ओळखणाऱ्या कोट्यवधी डोळ्यांसमोर चिट्टी उभा करणे हे फार अवघड काम होते; त्यासाठी अमेरिकेतील लेगसी इफेक्ट्स या संस्थेने घडवलेल्या यांत्रिक पुतळ्यांचीही मदत घेतली गेली.

सूट कोठे संपते

ही सूट पडद्यावरील जगापुरती असते, याचे भान ‘२.०’ने (२०१८) करून दिले. चेन्नईकरांच्या हातांतून मोबाइल उडून जातात आणि त्यांच्या थव्यातून महाकाय पक्षी साकारतो, ही त्या चित्रपटातील कल्पना विलक्षण आहे आणि तिला हरकत घेण्याचे कारण नाही. पण अक्षय कुमार यांनी साकारलेला पक्षितज्ज्ञ, मोबाइल मनोऱ्यांच्या लहरींमुळे चिमण्या मरतात, असे सांगतो, तेव्हा ते विधान प्रेक्षकाच्या खऱ्या जगाविषयीचे असते. प्रदर्शनाच्या तोंडावर मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने चित्रपट परिनिरीक्षण मंडळाकडे तक्रार केली, ती याच मुद्द्यावर. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२० सालच्या अहवालानुसार देशभरात चिमण्यांची संख्या साधारण स्थिर असून चेन्नईसह मोठ्या महानगरांत मात्र ती घटली आहे, आणि त्यासाठी मोबाइल मनोऱ्यांना जबाबदार धरता येईल असा ठोस पुरावा नाही. किडे आणि घरट्यांच्या जागा कमी होणे ही अधिक संभाव्य कारणे मानली जातात. पक्ष्यांविषयीची त्या चित्रपटाची कळकळ खरी आहे, पण खऱ्या कळकळीला खऱ्या कारणांची जोड लागते. उडणाऱ्या मोबाइलसाठी दिलेली सूट या दाव्यासाठी वापरून घेणे हा प्रेक्षकाच्या विश्वासाचा गैरवापर ठरतो.

विज्ञानपट विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाइतका अचूक असावा, ही अपेक्षा म्हणूनच चुकीची आहे आणि ‘सिनेमाच तो, त्यात काय एवढे’ ही सबबही तितकीच चुकीची आहे. प्रेक्षक उदार असतो, भोळा नसतो. तो एक अशक्य गोष्ट मनापासून मान्य करतो आणि बदल्यात त्या जगाचे नियम पाळले जावेत, माणसे माणसांसारखी वागावीत आणि त्याच्या स्वतःच्या जगाविषयी त्याला खोटे सांगितले जाऊ नये, एवढेच मागतो. मराठीत जयंत नारळीकरांसारख्या वैज्ञानिकाने विज्ञानकथा लिहिली, वाचकांनी ती आपलीशी केली. मराठी विज्ञानपट मात्र अजून बाल्यावस्थेत आहे. तो घडवू पाहणाऱ्यांना पैसा आणि तंत्र यांची उणीव जाणवेल हे खरे. तरी ‘मावीरन’मधील गळणाऱ्या गिलाव्याने दाखवून दिले आहे, की संभवनीयतेसाठी सर्वांत आधी लागते ते आपल्या माणसांचे आणि आपल्या शहराचे बारीक निरीक्षण, आणि ते कोणत्याही भाषेतील कलावंताच्या आवाक्यातले आहे.