आपले टपाल, आपली किल्ली

पूर्वी पत्र आले की ते वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारी जावे लागे. मुलगा पलटणीत, नाहीतर मुंबईला गिरणीत. त्याची खुशाली परक्याच्या तोंडून ऐकायची. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावोगावची मोठी माणसे पाटी घेऊन बसली. आपले पत्र आपण वाचू लागली.

आता पत्र ईमेलने येते. बँकेचा हिशेब येतो. सांगलीच्या पेठेतून हळदीची पट्टीही येऊ शकते. पण कित्येकजण पुन्हा दुसऱ्याच्या दारी जातात. दुकानदाराला पासवर्ड सांगतात आणि म्हणतात, "बघा हो, काय आलंय?" पासवर्ड म्हणजे घराची किल्ली. ती अशी कोणाच्या हाती देतात का?

घरी कॉम्प्युटर असला तर हे टळते. त्यावर लिनक्स असले तरी अडत नाही. थंडरबर्ड नावाचा टपालाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. मिंट ह्या लिनक्समध्ये तो बहुधा आधीच असतो.

तो उघडा. आपले नाव आणि ईमेलचा पत्ता भरा. पत्ता इंग्रजी अक्षरांत, सावकाश. मग पासवर्ड. जीमेलचा पत्ता असेल तर गूगलची खिडकी उघडते. पासवर्ड तिथेच घालावा.

पुढचे थंडरबर्ड बहुधा आपणच शोधतो. तरी दोन दारे ओळखून ठेवू. पत्र आत येते ते एक दार, बाहेर जाते ते दुसरे. येण्याच्या दाराला आयमॅप म्हणतात. त्याचा क्रमांक 993. जाण्याचे दार एसएमटीपी. क्रमांक 465 किंवा 587. पत्रे येतात पण जात नाहीत, असे झाले तर दुसरे दार तपासावे.

येण्याच्या दारासाठी पॉप असेही नाव दिसेल. आयमॅपमध्ये पत्रे टपाल कंपनीच्या मोठ्या यंत्रावर राहतात. घरचे यंत्र बिघडले तरी ती तिथे सापडतात. पॉपमध्ये पत्रे घरी आणली जातात आणि तिकडून पुसली जाऊ शकतात. म्हणून आम्ही म्हणतो, आयमॅपच निवडा.

सगळे झाले की स्वतःच्याच पत्त्यावर दोन ओळी लिहून धाडा. परत आल्या की दोन्ही दारे उघडली.

आणि आजवर कोणाला पासवर्ड सांगितला असेल, तर तो आजच बदला. नवा कोणालाही सांगू नका.