अरण्याची सहल आणि अरण्यातला पावसाळा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की जालना जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षक-कक्षांत सहलीची चर्चा सुरू होते. कुंडलिका आणि दुधना या नद्यांची कोरडी पात्रे नित्य पाहणाऱ्या, २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या या जिल्ह्याला घनदाट अरण्याची आणि वाहत्या पाण्याची ओढ वाटावी, यात नवल नाही. सदाहरित वर्षावन पाहायचे तर सह्याद्रीचा माथा गाठावा लागतो. परंतु वाघ, नद्या आणि आदिवासी वस्ती ही तिन्ही एकत्र पाहू इच्छिणाऱ्यांना देऊळगाव राजा, चिखली, खामगाव, अकोला या वाटेने परतवाड्याला जाऊन मेळघाट चढणे अधिक सोयीचे.

मेळघाटचे अरण्य सागाचे, पानझडी. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत त्याचा समावेश होता. सिपना, गडगा, डोलार, खापरा, खंडू या नद्या येथील पाणी तापीकडे नेतात. गवा, अस्वल आणि रानकुत्रा यांच्याबरोबरच, शतकभर नामशेष समजला गेलेला आणि १९९७ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा आढळलेला रानपिंगळाही येथे आहे. या डोंगरांत राहणाऱ्या कोरकूंची भाषा मराठी वा हिंदीच्या कुळातील नसून मुंडारी आणि संताळी यांच्या कुळातील आहे.

सहलीचे वेळापत्रक आखणारा साहजिकच ऋतूचा विचार करतो. हिवाळ्यात प्रवास सुखाचा होतो. उन्हाळ्यात नद्यांचे डोह तेवढे उरतात आणि तेथे जनावरे हमखास दिसतात. पावसाळ्यात गाभा क्षेत्र पर्यटकांना बंद असते. म्हणून तो काळ वेळापत्रकातून आपोआप गळतो.

नेमके येथेच पाहुण्याचे वर्ष आणि यजमानाचे वर्ष यांची फारकत होते. खरिपाचा हंगाम आटोपला की अनेक कोरकू कुटुंबे मजुरीसाठी मैदानी मुलखात उतरतात आणि होळीला परततात. पावसाळ्यात घरातील धान्य सरत आलेले असते, मजुरी दुर्मिळ होते, आजार वाढतात आणि नाल्यांना पूर आला की दवाखान्याची वाट तुटते. १९९३ मध्ये ज्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, त्यांचे मूळ या महिन्यांत आहे. बैरागड येथे अनेक वर्षे वैद्यकीय सेवा करणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाची गरज का पडली, हे हिवाळ्यातल्या तीन दिवसांच्या मुक्कामात कळत नाही. ज्या महिन्यांत अरण्य पर्यटकाला बंद असते, त्याच महिन्यांत ते रहिवाशाला सर्वांत महाग पडते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न साधा आहे : अरण्य राखल्याचा लाभ कोणाला आणि भार कोणावर? वाघासाठी बोरी, कोहा, कुंड ही गावे आपल्या जागेवरून उठली. पुढे आणखी गावे गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा स्थलांतरास ग्रामसभेची संमती आवश्यक ठरवली, पण ती संमती किती मोकळेपणाने दिली जाते हा वेगळा प्रश्न. सहलीचा पैसा मात्र बहुतांशी बसभाडे, डिझेल आणि शहरातील खरेदी यांतच संपतो. वस्तीपर्यंत पोहोचतो तो त्यातील उरलासुरला अंश.

म्हणून सहल रद्द करावी असे नव्हे. ती निराळ्या रीतीने आखावी. वाटाड्या गावातलाच घ्यावा, जेवण गावातल्या बचत गटाकडे सांगावे आणि त्याचा दर घासाघीस न करता द्यावा. होळीला जायचे तर पाहुणा म्हणून जावे. फर्माईश करून नाच पाहू नये. विद्यार्थ्यांनी प्राण्यांच्या यादीबरोबर जमाखर्चाची एक वहीही ठेवावी आणि खर्चलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतील किती रुपये घाटावर राहिले, ते परतल्यावर वर्गात मांडावे.

जालन्याच्या मुलांना हा हिशेब अवघड जाऊ नये. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी निघून गेलेल्यांच्या घरांना लागलेली कुलुपे त्यांनी अंबड-घनसावंगीकडील गावांत पाहिलेली असतात. कोरकूच्या दारावरचे कुलूप त्यांना ओळखू आले, तर सहलीचे निम्मे सार्थक तेथेच झाले.