लाल दांड्यामागची चाकं

मतदान संपलं की पेट्या फोडायच्या नाहीत, गठ्ठे बांधायचे नाहीत, टेबलाभोवती रात्र जागवायची नाही. यंत्राच्या पाठीमागचं कुलूप काढायचं, झाकण उघडायचं, आतल्या चाकांवरचे आकडे एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचे. पक्षांची माणसं खांद्यावरून डोकावत असायची. न्यूयॉर्क राज्यात हा कार्यक्रम शतकाहून जास्त काळ चालला. या यंत्राला मोजणीसाठी वीज लागत नव्हती आणि मतपत्रिका तर नव्हतीच. होते ते दांडे, पाचरी, स्प्रिंगा आणि दातेरी चाकं. मोजणी मतदान संपल्यावर सुरू होत नसे. पहिला मतदार बाहेर पडला तेव्हाच ती सुरू झालेली असे.

अशा यंत्रावरची पहिली निवडणूक १२ एप्रिल १८९२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्याच लॉकपोर्ट या छोट्या गावात झाली. यंत्र रॉचेस्टरच्या जेकब मायर्सचं होतं आणि त्याचं पेटंट त्याने १८८९ मध्ये मिळवलं होतं. मायर्सचा मूळ धंदा तिजोऱ्यांचा. आपल्याकडे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी लाखो पोलादी मतपेट्या विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात बनल्या होत्या, आणि गोदरेजचं नाव झालं तेही कुलपं-तिजोऱ्यांमुळेच. मत ही चोरापासून जपायची वस्तू आहे म्हटल्यावर माणूस तिजोरीवाल्याकडेच जाणार.

आणि चोर होते. तोवर अमेरिकेत मतपत्रिका सरकार छापत नसे. पक्षच आपापल्या चिठ्ठ्या छापून वाटत, बऱ्याचदा रंगीत कागदावर. कोण कोणती चिठ्ठी पेटीत टाकतो हे लांबून दिसायचं. मत विकत घेणाऱ्याला माल पोचल्याची खात्री तिथंच मिळायची. ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी १८५६ पासून सरकारी पत्रिका आणि आडोशाची सोय सुरू केली होती. ती पद्धत १८८८ नंतर अमेरिकेत भराभर पसरली. मतदार आडोशाला गेला, पण मोजणारे जिथे होते तिथेच राहिले. नखाखाली शिशाचा बारीक तुकडा लपवायचा, पत्रिका उलगडता उलगडता दुसऱ्या नावापुढे एक खूण ओढायची, की पत्रिका बाद. मतदाराला लबाडांपासून यंत्रानेच वाचवायचं, हा मायर्सचा जाहीर हेतू होता. मतदाराचा हात आणि शेवटचा आकडा यांच्यामध्ये तिसरा हात नको, एवढाच त्याचा अर्थ.

कल्पना अगदी नवी नव्हती. इंग्लंडमध्ये कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्टांनी १८३८ च्या आपल्या सनदेबरोबर एका यंत्राचं चित्रच छापलं होतं. ते बाथ शहरातल्या बेंजामिन जॉली यांनी रचलेलं. मतदाराने एक पितळी गोळी उमेदवाराच्या नावाच्या भोकात टाकायची. गोळी घरंगळताना त्या उमेदवाराचा काटा एका घराने पुढे सरकायचा आणि गोळी समोरून बाहेर यायची, म्हणजे देखरेखीच्या माणसाला दिसे की टाकली ती एकच. मागणी नामंजूर झाली आणि यंत्र चित्रातच राहिलं. एडिसनच्या नावावरचं पहिलं पेटंटही, १८६९ सालचं, मतनोंदणीच्या यंत्राचंच आहे. ते विधिमंडळातल्या ‘हो’ आणि ‘नाही’ची विजेने झटपट मोजदाद करायचं. सभासदांना मात्र मतदान रेंगाळलेलंच हवं होतं. त्या वेळात मनं वळवता येतात. यंत्र कोणी घेतलं नाही.

मायर्सचं यंत्र म्हणजे एक अख्खी खोलीच होती. एका दाराने आत जायचं, उमेदवाराच्या नावाची खुंटी दाबायची, दुसऱ्या दाराने बाहेर पडायचं. त्या बाहेर पडण्यानेच खुंट्या पुढच्या माणसासाठी मोकळ्या व्हायच्या. १८९६ मध्ये रॉचेस्टर शहराने ही यंत्रं वापरली. अनुभव असा आला की मायर्सची कंपनी त्यानंतर फार टिकली नाही. पण त्याच शहरातला सिल्व्हेनस डेव्हिस आणि आयोवातला आल्फ्रेड गिलेस्पी यांनी खोली काढून टाकली आणि तिच्या जागी लोखंडी पाटा व पडदा आणला. पुढे या घराण्यातली कंपनी ‘ऑटोमॅटिक व्होटिंग मशीन’ या नावाने जेम्सटाउनमध्ये स्थिरावली. तिचा मोठा प्रतिस्पर्धी म्हणजे शूप कुटुंब. आता थेट यंत्राच्या पोटात शिरू, कारण खरी बुद्धी तिथे आहे.

समोरून पाहिलं तर माणसापेक्षा उंच, शेकडो किलो वजनाचा पाटा. जेम्सटाउनच्या यंत्रावर आडव्या ओळीत पक्ष, उभ्या रांगेत पदं, आणि प्रत्येक नावाशी एक छोटा दांडा. अमेरिकेत एकाच दिवशी अध्यक्षापासून स्थानिक न्यायाधीशापर्यंत कितीतरी पदांसाठी मत द्यावं लागतं, त्यामुळे दांड्यांची संख्या शेकड्यांत जायची. वर एक मोठा लाल दांडा. तो उजवीकडे ओढला की पडदा बंद आणि यंत्र मोकळं. मग हवे ते छोटे दांडे खाली ओढायचे. विचार बदलला तर दांडा वर करायचा, दुसरा ओढायचा. कितीही वेळा, कारण अजून काहीही मोजलेलं नाही. शेवटी लाल दांडा डावीकडे परत. त्या एकाच हालचालीत खाली असलेले सगळे दांडे जागेवर जातात, जाताना आपापल्या मागच्या चाकाला एक दाता पुढे ढकलतात, आणि पडदा उघडतो. मत न नोंदवता पडदा उघडायचाच नाही, ही गिलेस्पीच्या जोडणीची खुबी. मतदार बाहेर दिसला की त्याचं मत मोजून झालेलं, आणि त्याने कोणते दांडे ओढले होते याचा मागमूसही उरलेला नाही.

मागची मोजणी जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यांसारखी. एककाचं चाक एका मताला एक दशांश फिरतं. त्याचा फेरा पुरा झाला की दशकाचं चाक एक घर पुढे, दशकाचा पुरा झाला की शतकाचं. सकाळी सगळे आकडे शून्यावर आहेत हे सर्वांना दाखवायचं, संध्याकाळी जे दिसेल ते लिहायचं. त्याखेरीज दोन आकडे वेगळे असत. एक त्या दिवशी किती माणसं मत देऊन गेली याचा, समोरून दिसणारा. दुसरा यंत्र जन्मल्यापासून लाल दांडा किती वेळा फिरला याचा. तो शून्यावर आणताच येत नसे. आदल्या रात्री कोणी गुपचूप मतं टाकली तर निदान हा दुसरा आकडा बोलायचा.

मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते पाचरींचं. एका पदाला एकच मत, हा कायदा यंत्राला शिकवायचा कसा? पदाच्या सगळ्या दांड्यांमागून एक अरुंद खाच जाते. दांडा ओढला की त्याची पाचर त्या खाचेत घुसते. खाचेत एकूण जी मोकळी जागा ठेवलेली असते ती बरोबर एका पाचरीपुरती. पहिली घुसली की बाकीच्यांना जागाच नाही. दुसरा दांडा ओढू म्हटलं तरी हलत नाही. दोन सदस्य निवडायचे असतील तर दोन पाचरींची जागा मोकळी ठेवायची, तिघांसाठी तिनाची. निवडणुकीआधी तंत्रज्ञ ही जागा बसवून देत. पक्षांच्या प्राथमिक निवडणुकीत बाजूच्या एका कळीने दुसऱ्या पक्षाच्या ओळी बंद करता येत. यादीबाहेरचं नाव द्यायचं तर वरची छोटी खिडकी सरकवून आतल्या कागदाच्या गुंडाळीवर हाताने लिहायचं, आणि ते केलं की त्या पदाचे दांडे अडलेच पाहिजेत, हेही त्याच पाचरींच्या हिशेबात बसवलेलं. पत्रिकेवर दोन खुणा झाल्या म्हणून मत बाद, हा प्रकार या यंत्राने मुळातच अशक्य केला. कायद्याचं कलम लोखंडात इतकं चोख उतरलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण जे पुसलं जातं ते तपासता येत नाही. एखाद्या चाकाचा दाता झिजला, किंवा कोणी तो कानशीने घासला, तर काही मतं गळतील, आणि कोणालाही काहीही वेगळं दिसणार नाही. पडदा नेहमीसारखा उघडेल, दांडे नेहमीसारखे वर जातील. शतकाचं चाक फिरायला जास्त जोर लागतो, कारण ९९ वरून १०० होताना तिन्ही चाकं एकदम हलवायची असतात. निवडणुकांचे आकडे चाळणाऱ्या अभ्यासकांना ९९ हा आकडा जरा जास्तच वेळा आढळला. त्या जागी किती यंत्रं अडली आणि किती मतं हवेत गेली, हे कळायला मार्ग नाही. पुन्हा मोजणी म्हणजे तेच आकडे पुन्हा वाचणं. नंतरच्या काही यंत्रांत चाकांचा छापा कागदावर उमटवण्याची सोय आली. वाचणाऱ्याची चूक त्याने टळली, चाकाची नव्हे.

हा आक्षेप नंतर सुचलेला नाही. १८९७ मध्ये र्‍होड आयलंडच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका यंत्राचा प्रश्न आला. जॉन मॅकटॅमनीचं ते यंत्र मताचं भोक कागदाच्या गुंडाळीवर पाडायचं. मॅकटॅमनी आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कल्पकांपैकी एक. त्याला भोकांच्या गुंडाळ्यांची सवय होती. बहुमताने न्यायालयाला यात काही वावगं दिसलं नाही. न्यायमूर्ती होरेशिओ रॉजर्स मात्र अडून बसले. त्यांचा मुद्दा असा की कागदावर खूण करणाऱ्याला आपण काय केलं ते दिसतं. इथे मतदाराने कळ दाबल्यावर आत काय झालं हे त्याच्या कोणत्याही इंद्रियाला कळत नाही. यंत्राने काम केलं असेल अशी आशा धरून त्याने घरी जायचं.

मराठी वाचकाला हे वाक्य फार जुनं वाटणार नाही. १९८२ मध्ये केरळमधल्या परवूरला बटणांचं यंत्र प्रथम आलं. कायद्यात तरतूद नाही म्हणून ती निवडणूक सर्वोच्च न्यायालयात रद्द झाली. तरतूद झाली, यंत्रं देशभर गेली. काचेआड सात सेकंद दिसणारी चिठ्ठी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०१३ पासून, जोडली जाऊ लागली. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी स्वतःच कागदावर मतदान घेऊन पडताळा पाहायचं ठरवलं आणि प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. आपली यंत्रं वेगळी आहेत आणि त्यांच्यावरचे आरोप-प्रत्यारोप हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. चिठ्ठी का लागली, एवढं मात्र रॉजर्स यांच्या निकालपत्रातून नीट समजतं.

अमेरिकेने रॉजर्स यांचं ऐकलं नाही. १९६० च्या दशकापर्यंत देशातली निम्म्याहून जास्त मतं या दांड्यांवर पडत होती. लुइझियानात यंत्रं आली तेव्हा हाताशी आपली माणसं असतील तर मी ही यंत्रंसुद्धा गायला लावीन, अशी बढाई गव्हर्नर अर्ल लाँग यांच्या नावावर सांगितली जाते. त्यात अतिशयोक्ती किती हे सोडा. चाव्या, सील आणि गोदामातला तंत्रज्ञ ज्याच्या हातात, यंत्र त्याचं, हे त्यांना कळलं होतं. मायर्सने तिसरा हात घालवला नव्हता. तो मोजणीच्या टेबलावरून उठवून गोदामात नेऊन बसवला होता.

यंत्रं जड होती, महाग होती, सुटे भाग मिळेनासे झाले. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात झालेल्या मतमोजणीच्या गोंधळानंतर कॅलटेक आणि एमआयटी यांच्या गटाने मतदानाच्या साधनांची तुलना केली, तेव्हा या दांड्यांच्या यंत्रांवर अध्यक्षपदासाठी न नोंदलेली मतं सुमारे दीड टक्का निघाली, म्हणजे फ्लोरिडात बदनाम झालेल्या भोकांच्या कार्डांपेक्षा कमी. पण गव्हर्नर आणि सिनेटच्या लढतींत तोच आकडा साडेसात टक्क्यांवर गेला. दांड्यांच्या त्या मोठ्या भिंतीवर माणसं पहिलं नाव शोधत, आणि बाकीची राहून जात. २००२ च्या कायद्याने जुनी यंत्रं बदलायला केंद्राचा पैसा दिला आणि राज्यामागून राज्याने ती काढून टाकली. सगळ्यात शेवटी हललं न्यूयॉर्क.

तेही पुरतं नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक होती. कोणालाच ४० टक्के मिळाले नाहीत तर थोड्याच दिवसांत दुसरी फेरी घ्यावी लागणार होती, आणि नव्या स्कॅनर यंत्रांची तयारी तेवढ्यात होणार नाही असं निवडणूक मंडळाचं म्हणणं पडलं. मग राज्याने खास कायदा केला आणि गोदामातली दांड्यांची यंत्रं तेल घालून पुन्हा बाहेर आणली. १० सप्टेंबरला मतदान झालं. बिल डी ब्लासिओ ४० टक्क्यांच्या जेमतेम वर दिसत होते. पण जेमतेमच, म्हणून सगळं शहर काही दिवस अडकून राहिलं. अडकलं ते चाकांसाठी नव्हे. त्यांचे आकडे पहिल्या रात्रीच वाचून झाले होते. बाकी होती टपालाने आलेली आणि नावं यादीत न सापडलेल्यांनी दिलेली मतं. ती सगळी कागदावर होती आणि हाताने मोजायची होती. प्रतिस्पर्धी बिल थॉम्पसन यांनी १६ तारखेला माघार घेतली आणि महापौरपदाची दुसरी फेरी टळली. पब्लिक अ‍ॅडव्होकेट या पदाची मात्र टळली नाही, तेव्हा १ ऑक्टोबरला तेच लाल दांडे पुन्हा ओढले गेले.