महिला गटात कोणी धावायचं? द्युती चंदने विचारलेला प्रश्न अजून का सुटलेला नाही

जुलै २०१४. ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातली, विणकराच्या घरातली अठरा वर्षांची द्युती चंद टीमसोबत जायच्या तयारीत होती. आदल्याच महिन्यात तिने तैपेईच्या आशियाई ज्युनियर स्पर्धेत २०० मीटरचं गोल्ड मिळवलं होतं. आणि ऐनवेळी तिला टीममधून वगळलं.

तिने डोपिंग केलं नव्हतं की वय चोरलं नव्हतं. तिच्या शरीरात आपोआप तयार होणारं टेस्टोस्टेरॉन नियमात बसत नाही, एवढंच कारण होतं. परत धावायचं असेल तर उपचार घेऊन ते खाली आणायचं, नाहीतर महिला गट सोडायचा. तिने दोन्हीला नकार दिला आणि थेट आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादात, म्हणजे ‘कॅस’मध्ये, या नियमालाच आव्हान दिलं.

या केसला दहा वर्षं उलटून गेली. तरी कुठल्याही मोठ्या स्पर्धेत एखाद्या महिला खेळाडूवरून वाद पेटला की आपल्या टाइमलाइनवर तीच दोन वाक्यं फिरतात. एक गट म्हणतो, “हा तर पुरुष आहे.” दुसरा म्हणतो, “हा निव्वळ भेदभाव आहे.” खरा प्रकार यापेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे. तो नीट समजून घेऊया.

मुळात अशी रेषा लागतेच कशाला?

खेळ म्हटला की रेषा आलीच. १७ वर्षांखालचा गट असतो, वजनाचे गट असतात, पॅरा स्पर्धांमध्ये अपंगत्वानुसार वर्गवारी असते. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या फायनलआधी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. आपल्या सगळ्यांनाच वाईट वाटलं, पण वजनकाट्याने काय दाखवलं यावर फारसा वाद नव्हता.

महिला गटही अशीच एक रेषा आहे आणि तिची गरज खरी आहे. धावण्याच्या शर्यतींमध्ये जगातल्या अव्वल पुरुष आणि महिला खेळाडूंच्या वेळेत साधारण १० ते १२ टक्क्यांचा फरक असतो. गटच नसता तर ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये एकही बाई दिसली नसती.

हा फरक मुख्यतः वयात येताना पडतो आणि त्यात टेस्टोस्टेरॉन या हार्मोनचा मोठा वाटा असतो. अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक महासंघाने दिलेल्या आकड्यांनुसार महिलांमध्ये त्याचं प्रमाण साधारण ०.०६ ते १.६८ नॅनोमोल प्रति लिटर असतं, तर पुरुषांमध्ये ७.७ ते २९.४. दोन्हींच्या मध्ये मोठी मोकळी जागा दिसते. मग रेषा मारणं सोपं असायला हवं ना?

तसं होत नाही, कारण काही जणींचं शरीर या दोन खणांत नीट बसत नाही. काही मुली मुलगी म्हणून जन्मतात, मुलगी म्हणून वाढतात, पण त्यांची गुणसूत्रं पुरुषांसारखी एक्सवाय असतात. त्यातल्या काहींच्या शरीरावर टेस्टोस्टेरॉनचा परिणामच होत नाही. काहींवर अर्धवट होतो, काहींवर पुरेपूर होतो. अशा वेगवेगळ्या स्थितींना मिळून ‘डीएसडी’ म्हणतात, म्हणजे लैंगिक विकासातले फरक. अनेकींना हे स्वतःलाच माहीत नसतं. ते कळतं ते थेट एखाद्या तपासणीच्या रिपोर्टमधून.

आधी काय काय करून झालंय?

१९६६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपियन स्पर्धेत महिला खेळाडूंना डॉक्टरांच्या पॅनेलपुढे विवस्त्र उभं राहावं लागलं. तिथे पोलंडची धावपटू एवा क्लोबुकोव्स्का ‘पास’ झाली. पुढच्याच वर्षी कीव्हमध्ये गुणसूत्रांच्या तपासणीत तीच ‘नापास’ झाली. वर्षभरात तिचं शरीर बदललं नव्हतं, बदलली होती ती तपासणीची पद्धत.

१९६८ पासून ऑलिम्पिकमध्ये गुणसूत्रांची तपासणी सुरू झाली. १९८५ मध्ये स्पेनची हर्डल्सपटू मारिया होजे मार्टिनेझ-पॅटिनो त्यात अडकली. तिची गुणसूत्रं एक्सवाय होती, पण तिचं शरीर टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नव्हतं. म्हणजे फायदा शून्य. तरी तिची बातमी पेपरात फुटली, स्कॉलरशिप गेली, ठरलेलं लग्न मोडलं. तिने लढून १९८८ मध्ये खेळायचा हक्क परत मिळवला, पण ऐन उमेदीची वर्षं हातून गेली होती.

१९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ३,३८७ महिलांची तपासणी झाली. आठ जणींचे रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आले आणि त्या आठही जणींना खेळू दिलं. एवढा खटाटोप करून हाती काय लागतंय, हा प्रश्न उभा राहिला आणि १९९९ मध्ये ऑलिम्पिक समितीने सरसकट तपासणी बंद केली.

पण संशय आल्यास तपासणी सुरूच राहिली. तमिळनाडूच्या शांती सौंदराजनने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं सिल्व्हर जिंकलं. त्यानंतर झालेल्या तपासणीमुळे तिचं मेडल काढून घेतलं गेलं आणि ते आजही तिला परत मिळालेलं नाही.

२०११ चा नियम काय होता?

२००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या अठरा वर्षांच्या कॅस्टर सेमेन्याने बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत ८०० मीटर शर्यत १ मिनिट ५५.४५ सेकंदांत जिंकली. तिची तपासणी होणार असल्याची बातमी फायनलच्या दिवशीच जगभर झाली. या गोंधळानंतर महासंघाने २०११ मध्ये आकडा ठरवला: टेस्टोस्टेरॉन १० नॅनोमोलपेक्षा कमी हवं. त्याहून जास्त असेल तर औषधं घ्या, नाहीतर थांबा.

याच काळातला एक प्रकार अंगावर काटा आणणारा आहे. २०१३ मध्ये एका वैद्यकीय जर्नलमध्ये चार तरुण खेळाडूंबद्दल लेख आला. वय १८ ते २१, सगळ्या विकसनशील देशांतल्या ग्रामीण किंवा डोंगराळ भागातून आलेल्या. पुन्हा खेळता यावं म्हणून त्यांच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉन तयार करणाऱ्या ग्रंथी ऑपरेशन करून काढल्या होत्या. त्या तशाच ठेवल्या असत्या तर तब्येतीला धोका नव्हता, असं त्याच लेखात लिहिलेलं होतं.

द्युतीपुढे २०१४ मध्ये हाच नियम येऊन उभा राहिला.

द्युतीच्या केसमध्ये कोर्टाने नेमकं काय म्हटलं?

द्युतीच्या बाजूने कॅनडातल्या वकिलांनी पैसे न घेता केस लढवली. जुलै २०१५ मध्ये निकाल आला आणि नियम दोन वर्षांसाठी स्थगित झाला. फक्त द्युतीपुरता नाही, सगळ्यांसाठी.

पण ‘टेस्टोस्टेरॉनने काही फरक पडत नाही’ असं कोर्टाने म्हटलं नव्हतं. फरक पडतो, हे त्यांनी मान्य केलं. त्यांचा मुद्दा होता पुराव्याचा. हा नियम फक्त महिलांना लागू होतो आणि त्यांच्या नैसर्गिक गुणधर्मावरून त्यांना बाहेर काढतो, म्हणजे वरकरणी तो भेदभावच आहे. मग तो गरजेचा आहे हे खेळाडूने नाही, तर नियम करणाऱ्याने सिद्ध करायला हवं.

काय सिद्ध करायचं? तर जास्त टेस्टोस्टेरॉन असलेल्या महिलांना मिळणारा फायदा किती मोठा आहे ते. तो पुरुष-महिलांमधल्या १० ते १२ टक्क्यांच्या जवळपास जात असेल तर गोष्ट वेगळी. पण तो एखाद-दुसरा टक्काच असेल, तर उंची, फुप्फुसांची ताकद, चांगला कोच आणि चांगला आहार यांचाही फायदा होतोच की. त्यावरून आपण कुणाला गटाबाहेर काढत नाही.

द्युती पुढच्या वर्षी रिओ ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर धावली. १९८० नंतर, म्हणजे पी. टी. उषानंतर, या शर्यतीत उतरलेली ती पहिली भारतीय महिला होती. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने १०० आणि २०० मीटर, दोन्हींत सिल्व्हर मिळवलं.

(कमेंटमध्ये कुणीतरी विचारेलच म्हणून आधीच सांगते: २०२३ मध्ये डोपिंगसाठी द्युतीवर चार वर्षांची बंदी आली. ते प्रकरण बाहेरून घेतलेल्या द्रव्याचं होतं. त्याचा या केसशी संबंध नाही.)

मग पुरावा मिळाला का?

२०१७ मध्ये महासंघाशी संबंधित संशोधकांचा अभ्यास आला. काही प्रकारांत जास्त टेस्टोस्टेरॉन असलेल्या महिलांची कामगिरी १.८ ते ४.५ टक्क्यांनी सरस दिसते, असं त्यात म्हटलं होतं. त्यानंतर २०१८ मध्ये नवा नियम आला. मर्यादा १० वरून ५ वर आली, पण ती फक्त ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींसाठी होती. द्युतीच्या शर्यती त्यातून सुटल्या, सेमेन्याच्या अडकल्या.

गंमत म्हणजे अभ्यासात हातोडाफेक आणि पोलव्हॉल्टमध्येही फरक दिसला होता, पण ते नियमात घेतलेच नाहीत. आणि २०२१ मध्ये त्याच जर्नलने दुरुस्ती छापली: हा अभ्यास प्राथमिक स्वरूपाचा होता, त्यावरून टेस्टोस्टेरॉनमुळेच कामगिरी सुधारते असा निष्कर्ष काढू नये.

तोवर सेमेन्या हरली होती. मे २०१९ मध्ये ‘कॅस’ने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने नियम कायम ठेवला. नियम भेदभाव करणारा आहे, पण महिला गट वाचवण्यासाठी तो गरजेचा आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढे जुलै २०२५ मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं की स्वित्झर्लंडच्या कोर्टात सेमेन्याला न्याय्य सुनावणी मिळाली नाही. नियम बरोबर की चूक, यावर मात्र हा निकाल नव्हता.

दुसऱ्या लेनमधल्या मुलीचं काय?

ही बाजू सोडून चालणार नाही. रिओत ८०० मीटरच्या फायनलमध्ये सेमेन्या, बुरुंडीची फ्रान्सिन नियोनसाबा आणि केनियाची मार्गारेट वांबुई पहिल्या तीन आल्या. पुढे तिघीही याच नियमात अडकल्या. चौथ्या, पाचव्या, सहाव्या क्रमांकाच्या मुलींनीही आयुष्यभर घाम गाळला होता. डीएसडीचे काही प्रकार असे आहेत की शरीरात पुरुषांइतकं टेस्टोस्टेरॉन तयार होतं आणि त्याचा परिणामही होतो. अशा वेळी ‘आपल्यावर अन्याय होतोय’ असं त्या मुलींना वाटणं म्हणजे द्वेष नव्हे. महिला गट आहे तो त्यांच्यासाठीही.

आता नियम काय सांगतो?

मार्च २०२३ मध्ये मर्यादा २.५ वर आली आणि सगळ्याच प्रकारांना लागू झाली. पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्सजेंडर महिलांना महिला गट बंद झाला.

१ सप्टेंबर २०२५ पासून आकड्याऐवजी थेट जनुक आलं. जागतिक स्पर्धेत महिला गटात उतरायचं तर गालाच्या आतल्या बाजूचा नमुना किंवा रक्त द्यायचं आणि ‘एसआरवाय’ जनुक नाही हे दाखवायचं. तपासणी आयुष्यात एकदाच. हे जनुक सहसा वाय गुणसूत्रावर असतं. ज्यांचं शरीर टेस्टोस्टेरॉनला अजिबात प्रतिसाद देत नाही, त्यांना सूट आहे. म्हणजे मार्टिनेझ-पॅटिनोसारखी खेळाडू आज बाहेर पडणार नाही.

एक गोष्ट यात सुधारली. आता सगळ्यांचीच तपासणी होते. ‘ही बाईसारखी दिसत नाही’ म्हणून एकटीला बाजूला काढायचा प्रकार तरी संपायला हवा. पण १९९० मध्ये एसआरवाय जनुक ज्यांच्या टीमने शोधलं, त्या अँड्र्यू सिंक्लेअर यांचाच या वापराला विरोध आहे. जनुक आहे की नाही एवढंच ही तपासणी सांगते. ते चालतं का, टेस्टोस्टेरॉन तयार होतं का, शरीर ते वापरतं का, हे सांगत नाही, असं ते म्हणतात.

अंमलबजावणीचा घोळ वेगळाच. सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक बॉक्सिंग स्पर्धेत फ्रान्सच्या महिला टीमला खेळता आलं नाही. कारण? तपासणीचे रिपोर्ट वेळेत पोचले नाहीत.

पोस्ट शेअर करण्याआधी

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये इमान खलिफविरुद्धची लढत ४६ सेकंदांत संपली आणि काही तासांत जगभरातल्या लोकांनी तिच्या शरीराबद्दल निकाल देऊन टाकला. त्यातल्या जवळपास कुणीही तिचा एकही वैद्यकीय रिपोर्ट पाहिलेला नव्हता.

पुढच्या वेळी असा फोटो समोर आला की चार गोष्टी विचारा. ही खेळाडू ट्रान्सजेंडर आहे की डीएसडी असलेली, की यातलं काहीच नाही? त्या खेळाचा, त्या वर्षीचा नियम काय होता? तिने तो मोडला का? आणि ही खासगी माहिती बाहेर आली कुठून?

महिला गटाला रेषा लागणार, यावर आता फारसं दुमत नाही. पण १९६६ पासून ती डॉक्टरांच्या नजरेवरून गुणसूत्रांवर, तिथून १०, ५, २.५ या आकड्यांवर आणि आता एका जनुकावर आली आहे. दर वेळी ‘आता पक्कं शास्त्र सापडलं’ असंच सांगितलं गेलं आणि दर वेळी कुणीतरी अठरा-वीस वर्षांची मुलगी तिच्या पलीकडे राहिली. मी बाई आहे हे मी सिद्ध करायचं, की तुमचा नियम न्याय्य आहे हे तुम्ही? द्युतीच्या केसमधला प्रश्न हाच होता. २०१५ मध्ये कोर्टाने उत्तर दिलं: नियम करणाऱ्याने. उद्या ही रेषा पुन्हा सरकली, तर सगळ्यात आधी तेच विचारायला हवं.