अ‍ॅप ९५ टक्के म्हणालं, मग मॅच गेली कशी?

नारायणगावात आत्ता लाईट आहे, तोवर हा एपिसोड उरकून घेतो.

मंचरच्या एका मित्राचा परवा मेसेज आला. "भाऊ, स्क्रीनवर ९५ टक्के दाखवत होतं म्हणून पैसे लावले. सगळे गेले. हे आकडे फेक असतात का रे?" त्याला फोनवर जे सांगितलं, तेच इथे सांगतो.

२९ जून २०२४ आठवा. बार्बाडोसला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल. साउथ आफ्रिकेला ३० बॉलमध्ये ३० रन हवेत, सहा विकेट हातात, क्लासेन सुटलाय. आमच्या घरी तर कुणी बोलतच नव्हतं.

अशा वेळी साधं मॉडेल काय करतं? ते मॅच बघत नाही. त्याला तीनच आकडे दिसतात: किती रन, किती बॉल, किती विकेट. जुन्या मॅचेसच्या ढिगातून ते अशाच अवस्थेतल्या मॅचेस काढतं. समजा १०० सापडल्या आणि पाठलाग करणारे त्यातल्या ९५ जिंकले, तर स्क्रीनवर ९५ टक्के. एवढंच! हुबेहूब तीच अवस्था क्वचित सापडते, म्हणून ३१ बॉलमध्ये ३३ वगैरे शेजारपाजारचंही धरतात. नाहीतर प्रत्येक आकड्याला वजन देऊन बेरीज करायची आणि ती शून्य ते एकच्या मध्ये बसवायची. याला लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणतात.

पण बुमराच्या दोन ओव्हर शिल्लक होत्या, हे त्या तीन आकड्यांत कुठेच नाही. आपण सात रननी जिंकलो.

म्हणजे मॉडेल चुकलं? एका मॅचवरून ते ठरत नाही. मॉडेल ९५च्या आसपास म्हणालं अशा शंभर मॅच गोळा करा. त्यातल्या पाचेक हरल्याच पाहिजेत. वीस हरल्या तर ते फुशारकी मारतंय. एकही हरली नाही, तरी गडबड आहे, कारण मग त्याने ९९ म्हणायला हवं होतं.

आता पैशाचं. ९५ टक्क्यांचा सरळ भाव म्हणजे ९५ रुपये लावायचे आणि जिंकलं तर वर पाच मिळायचे. एकदा हरलं की एकोणीस वेळची कमाई साफ, आणि मधला माणूस आपलं कमिशन कापतो ते वेगळंच. मित्र गप्पच झाला. त्याने हा हिशोब कधी मांडलाच नव्हता.

मी स्वतः पण आपटलोय. टीव्हीवरच्या मॅचेसवर शिकवलेलं मॉडेल आमच्या सहा ओव्हरच्या टेनिस बॉल स्पर्धेला लावलं. शेवटच्या ओव्हरला २० हवेत म्हटल्यावर मॉडेलने हात टेकले. इकडे एका बाजूला बाउंड्री म्हणजे उसाचा बांध, तिथे २० रनला कोण घाबरतंय! पोरांनी चार बॉलमध्ये संपवलं आणि माझ्या लॅपटॉपकडे बघून हसले. बैलगाडा घाटात बरं असतं, घड्याळ सेकंद सांगतं आणि विषय संपला.

तर आपल्या मैदानांचा डेटा आपल्यालाच जमवावा लागणार. जुन्नर-आंबेगावच्या स्कोअररांनो, जुन्या वह्यांचे फोटो पाठवा. फक्त निकाल नको, प्रत्येक बॉलचा हिशोब असलेलं पान हवं. चहाचे डाग चालतील.