जंगलाची बँक, पण खातेदार कोण?

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९९५ साली 'संवर्धन बँके'चे धोरण आणले. २००३ मध्ये तेथील केंद्रीय वन्यजीव खात्याने देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जमीनमालक दुर्मिळ प्राण्यांचा अधिवास कायमचा राखतो, देखभालीसाठी निधी बाजूला काढतो आणि त्याबदल्यात 'क्रेडिट' मिळवतो. दुसरीकडे त्याच प्राण्याचा अधिवास मोडणारा बिल्डर ते विकत घेतो. हा व्यवहार चालतो, कारण तेथे जमीन कोणाची हे आधी ठरलेले असते.

आपल्याकडे २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी याच धर्तीवर आगाऊ वनीकरण करून ते प्रकल्पवाल्यांना विकण्याची वाट मोकळी केली. पण २००६ च्या वनहक्क कायद्याचे अनेक दावे आजही प्रलंबित आहेत. केंद्राच्या अंतिम मंजुरीआधी या हक्कांची पूर्तता करण्याची अटही त्याच नियमांनी काढून टाकली. मग आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या कसतो ती जमीन 'पडीक' ठरवून तेथे रोपे लावली, तर त्याने दाद कोणाकडे मागायची?

वन्यप्राणी वाचलेच पाहिजेत. परंतु ते वाचवण्याची किंमत भूमिहीनानेच का मोजावी? आधी हक्काचा कागद, मग ग्रामसभेची संमती, त्यानंतरच बँक! हा क्रम उलटला तर ते संवर्धन नव्हे, कायदेशीर बेदखली ठरेल.