ग्रंथालयांच्या वाटेने (लेखांक 9) : पडद्यावर काय, कपाटापाशी काय?

जुलै उजाडला की कोल्हापूरच्या दैनिकांत एक बातमी ठरलेली असते : कुंभी नदीचे पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर आले, कोल्हापूर-गगनबावडा वाहतूक बंद. गगनबावड्याच्या पलीकडे करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट. तिथे दरड कोसळली की कोकणात उतरायची वाटही अडते. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात तर सगळा जिल्हाच ठप्प झाला होता. गगनबावडा हा जिल्ह्यातला सर्वांत जास्त पावसाचा आणि सर्वांत कमी वस्तीचा तालुका. विद्यापीठाचे नवे वर्ष सुरू होते तेही नेमके याच पावसात. इथल्या एखाद्या मुलीला ग्रंथालयशास्त्राची पदवी घ्यायची असेल, तर शिवाजी विद्यापीठ पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. रोज एसटीने ये-जा करणे अवघड, आणि कोल्हापुरात खोली घेऊन राहण्याचा खर्च घरच्यांना झेपेलच असे नाही.

मागच्या लेखांकात कोल्हापूर संस्थानाचा 1945 चा ग्रंथालय कायदा पाहिला. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी देशात झालेला तो पहिला कायदा. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमापर्यंतचा प्रवासही आपण पाहिला. कायद्याने वाचनालये गावोगावी गेली, पण ती चालवणारा माणूस कुठे आणि कसा घडतो, हा प्रश्न शिल्लक राहिला होता. आज त्याकडे वळू, कारण त्याचे सध्याचे उत्तर म्हणून जे पुढे केले जाते ते ब्लेंडेड लर्निंग, म्हणजे संमिश्र अध्ययन, गगनबावड्यासारख्या ठिकाणी खरोखर उपयोगी पडू शकते. अट एवढीच, की कुठला भाग पडद्यावर शिकवायचा आणि कुठला पुस्तकांच्या कपाटापाशी, हे आधी नीट ठरवले पाहिजे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे 2021 मध्ये संमिश्र अध्यापनाचा मसुदा चर्चेसाठी ठेवला. प्रत्येक विषयाचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन आणि उरलेला 60 टक्के समोरासमोर, असे त्यात सुचवले होते. टाळेबंदीत वर्ग जसेच्या तसे मोबाइलवर भरत होते, त्याला संमिश्र म्हणता येत नाही. व्हॉट्सअॅपच्या गटावर पीडीएफ टाकून दिली, तेही नव्हे. संमिश्र पद्धतीत शिक्षक तोच, अभ्यासक्रम तोच. फक्त शिकण्याच्या तासांची वाटणी विचारपूर्वक केलेली असते आणि दोन्हीकडचे काम एकमेकांत गुंफलेले असते. विद्यार्थिनी घरी व्याख्यान ऐकते, सराव करते, तिथे अडलेल्या शंका घेऊन वर्गात येते, आणि वर्गाचा वेळ त्या सोडवण्यात जातो.

आपल्याकडे याची पूर्वतयारी बरीच आधी झाली आहे. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले आणि पुढे ग्रंथालयशास्त्राची पदवी त्याने अभ्यासकेंद्रांतून दूरवर पोहोचवली. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानेही तेच केले. नोकरी सांभाळून बी.लिब. झालेले कितीतरी ग्रंथपाल आज महाराष्ट्रात आहेत, ते या वाटेने आलेले. छापील पुस्तक घरी वाचायचे आणि रविवारी केंद्रावर संपर्कसत्राला यायचे, अशी ती रीत. मुक्त विद्यापीठाची मराठी पाठ्यपुस्तके ही त्या काळाची फार मोठी कमाई आहे, आणि आज ऑनलाइन साहित्य करू पाहणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी असे मला मनापासून वाटते.

त्याही मागे गेले, तर हे शिक्षण नुसत्या व्याख्यानांवर कधीच चालले नव्हते असे दिसते. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतून बोलावलेल्या विल्यम बॉर्डन यांनी 1911 मध्ये बडोद्यात ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला, तो संस्थानाच्या ग्रंथालय खात्याच्या कामाला जोडूनच. गणिताचे प्राध्यापक असलेले एस. आर. रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकण्यासाठी लंडनला गेले. वर्गातल्या पाठांपेक्षा तिथली ग्रंथालये हिंडून पाहण्यातून त्यांना अधिक मिळाले. द्विबिंदू वर्गीकरण पद्धतीची कल्पना सुचली ती याच मुक्कामात.

परदेशातले एक उदाहरण आपल्या फार जवळचे आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने 1996 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी दूरस्थ विद्यार्थ्यांसाठी खुली केली. इंटरनेट तेव्हा नवे होते. तरीही सुरुवातीला सगळ्यांनी काही दिवस विद्यापीठात एकत्र राहायचे, ही अट ठेवली. एकदा ओळखी झाल्या, शिक्षकांचे चेहरे माहीत झाले, की पुढे घरून शिकताना विद्यार्थी एकटा पडत नाही, हा त्यामागचा हेतू. अमेरिकी शिक्षण विभागाने 2010 मध्ये ऑनलाइन आणि संमिश्र शिक्षणावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यातही निव्वळ वर्गापेक्षा संमिश्र पद्धतीचे निकाल सरस दिसले. मात्र त्याच अहवालात एक सावधगिरीची सूचना आहे : संमिश्र वर्गांतल्या विद्यार्थ्यांना बहुधा जास्त वेळ आणि जास्त साहित्यही मिळाले होते. तेव्हा श्रेय एकट्या पडद्याला देता येत नाही.

वाटणी कशी करायची, हे एका पुस्तकावरून पाहू. पुस्तक गगनबावड्याचेच घेऊ. रामचंद्रपंत अमात्यांच्या वंशजांकडे बावड्याची जहागीर होती, म्हणून ते घराणे बावडेकर. पंतांचे ‘आज्ञापत्र’ 1715 च्या सुमाराचे. राजाने राज्य कसे करावे, किल्ले कसे राखावेत, आरमार कसे असावे, सावकारांशी आणि टोपीकरांशी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांशी, कसे वागावे, हे सगळे त्यात आहे. आता हे पुस्तक वाचनालयात आले. ग्रंथपालाने त्याला कुठला वर्गांक द्यायचा?

ड्यूई दशांश वर्गीकरण पद्धतीत महाराष्ट्राचा इतिहास 954.79 मध्ये येतो. राज्यशास्त्र 320 मध्ये. जुने मराठी गद्य म्हणून पाहिले तर ते मराठी साहित्याच्या 891.46 खाली जाईल. तिन्ही ठिकाणांच्या बाजूने बोलता येते. इतिहासाच्या कपाटात ठेवले तर शिवकाल शोधणाऱ्याच्या हाती लागेल. राज्यशास्त्रात ठेवले तर कौटिल्य वाचणाऱ्याला शेजारीच सापडेल. माझे मत विचाराल, तर ग्रंथाचा विषय राज्यकारभार आहे, म्हणून त्याची मुख्य जागा राज्यशास्त्रात, आणि तालिकेत इतिहासाची जादा नोंद. पण गावातला वाचक ते इतिहास म्हणूनच मागणार असेल, तर छोट्या वाचनालयाने 954.79 दिला तरी ती चूक ठरत नाही.

पुढे लेखकाचे नाव. अमात्य, रामचंद्र नीलकंठ? की बावडेकर? की सरळ रामचंद्रपंत? तीन ग्रंथालयांनी तीन नोंदी केल्या, की संयुक्त तालिकेत एका माणसाची तीन माणसे होतात. एक रूप पक्के करून बाकीच्यांवरून ‘पाहा’ नोंद द्यावी लागते. शिवाय एकाने ‘नीलकंठ’ टंकले आणि दुसऱ्याने ‘निळकंठ’, की संगणकाला शोधूनही सापडत नाही.

यातले ड्यूईचे दहा वर्ग, तक्ते वाचण्याची रीत, नोंदीचे नियम हे सगळे घरी बसून उत्तम शिकता येते. दहा-पंधरा मिनिटांचे व्याख्यान, मागे नेऊन पुन्हा ऐकण्याची सोय, लगेच दहा पुस्तकांचा सराव. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणालीही तशीच. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ती बनवली गेली आणि 2000 च्या जानेवारीत तिथे सुरू झाली. ती मोफत असल्यामुळे विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र विभागाला सरावासाठी वेगळी प्रत उघडून देता येते. तिथे 100 या रकान्यात लेखक, 245 मध्ये शीर्षक, 082 मध्ये ड्यूईचा अंक भरायचा. चुकले तर पुसायचे. वर्गात चाळीस जणांमागे आठ संगणक असताना जो सराव कधी पुरत नाही, तो इथे हवा तितका करता येतो.

पण ‘आज्ञापत्र’ कुठे ठेवायचे हा वाद समोरासमोरच व्हायला हवा. एकीने 320 म्हणावे, दुसऱ्याने 954.79 म्हणावे, शिक्षकाने दोघांना कारणे विचारावीत. वर्गीकरणाची खरी समज तिथे येते. वाचक नेमके काय मागतो आहे हे त्याच्याशी बोलून काढणे, म्हणजे संदर्भसेवा, तीही माणसासमोर उभे राहूनच शिकायची. समोरासमोरचा भाग 60 टक्के राखण्याची सूचना या अभ्यासक्रमात म्हणूनच फार मोलाची आहे.

ते कपाट विद्यापीठातलेच असायला हवे असे मात्र नाही. विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय संपन्न आहे, पण काही गोष्टी घाटमाथ्यावरच नीट शिकता येतात. पावसाळ्यात इथल्या वाचनालयात पुस्तकांचे काय होते ते पाहा : भिंतीला टेकलेल्या कपाटात पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी धरते, पानांना कसर लागते, टाचण्या गंजून कागद खातात. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढायचे, खालचा कप्पा रिकामा ठेवायचा. भिजलेले पुस्तक कडक उन्हात टाकायचे नाही. पानांत टीपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवायचे. जतनाचा हा धडा गगनबावड्यातल्या विद्यार्थिनीइतका दुसऱ्या कुणाला चांगला मिळणार?

म्हणून माझी मांडणी अशी. पावसाच्या महिन्यांत सिद्धान्ताचा भाग ऑनलाइन घ्यावा. व्याख्याने मराठीत, लहान आकाराची आणि उतरवून घेता येतील अशी असावीत, कारण धो-धो पावसात दिवसभर वीज आणि रेंज टिकेल याचा भरवसा नाही. याच काळात आठवड्यातून दोन दिवस विद्यार्थ्याने तालुक्यातल्या महाविद्यालयाच्या किंवा जवळच्या मान्यताप्राप्त वाचनालयात काम करावे : दाखल नोंदवही, देवघेव, कपाट लावणे, पुस्तक पडताळणी. तिथल्या ग्रंथपालाला विद्यापीठाने मार्गदर्शक म्हणून रीतसर नेमावे, मानधन द्यावे, आणि त्याने दिलेले गुण निकालात धरावेत. पाऊस ओसरला की कोल्हापुरात सलग मुक्कामाचे प्रात्यक्षिक वर्ग घ्यावेत, आणि मुलींच्या राहण्याची सोय विद्यापीठाने करावी. तेवढी केली नाही तर बाकी सगळी योजना कागदावर राहील.

यात शिक्षकांचे काम कमी होत नाही, वाढते. पंधरा मिनिटांचे चांगले व्याख्यान तयार करायला तासाच्या व्याख्यानापेक्षा जास्त वेळ लागतो. पन्नास जणांचा सराव तपासून प्रत्येकाला उत्तर द्यावे लागते. शिक्षकांच्या रिकाम्या जागा न भरता संमिश्र पद्धत आणणे हा त्यांच्यावर आणि विद्यार्थ्यांवरही अन्याय होईल.

वाचनालयांच्या संचालक मंडळांना एक विनंती. येत्या जूनपासून तुमच्या वाचनालयात एका-दोघा विद्यार्थ्यांना काम शिकू देण्याची तयारी असेल, तर तसा ठराव करून विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र विभागाला पाठवा. विभागाने विचारण्याची वाट पाहू नका.

(पुढील लेखांकात : गावच्या वाचनालयातील ग्रंथपालाचे वेतन आणि अनुदान)